वरच्या टोकाची गाठ

मी कुणावर विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेल्या बाईनं ठेवूही नये. "सिस्टर, सगळे बोळे मोजून झाले," असं कुणी म्हटलं की मी पुन्हा मोजायची, आणि दोनदा एक बोळा पोटात राहिलेला मीच शोधून काढलाय. तेव्हा माझ्या संशयी स्वभावाला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपापल्या पोटावरून हात फिरवावा आणि गप्प बसावं.

माझं नाव तबिथा लोंढे, राहणार मिरज. या गावात दवाखाने इतके, की रिक्षावाल्याला नुसतं "दवाखान्यात चल" म्हटलं तर तो हसतो. त्यातल्याच एका दवाखान्यात मी होते. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते तिथल्या कागदांवर कुठंच नाही. आमचे मोठे डॉक्टर मुख्य काम झालं की हातमोजे काढायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, बंद करा." की निघाले पुढच्या टेबलाकडं. पोट बंद करायचं काम माझ्याकडं. सही त्यांची, टाके माझे. अकरा हजारांच्या वर पोटं मी शिवलीत, आणि सगळी डाव्या हातानं, कारण मी डावखुरी.

घाबरलेली पोरगी टेबलावर आली की मी तिच्या गालावरून हात फिरवायची आणि एकच वाक्य म्हणायची, "पोरी, मी अशी बंद करीन की तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला कळणार नाही." आठवड्यातून दोनतीनदा म्हणायची. सवयच होती ती. तरी वण पडायचे तसे पडायचेच.

मग मुका धागा आला. दहा वर्षं झाली त्याला.

वण का पडतो हे मला कळायला नोकरीची तीस वर्षं जावी लागली. आम्हाला वाटायचं सुई जाड, हात जड, म्हणून वण. ते थोडंफार खरं, पण खरं कारण ताण. माणूस वाकतो, खोकतो, हसतो. प्रत्येक वेळी जखमेच्या दोन कडा एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. कातडीतल्या पेशींना ती ओढ कळते आणि त्या घाईघाईनं चिवट तंतू वळत सुटतात, सगळे एकाच दिशेनं. तोच वण. घट्ट, पांढुरका, ना त्यात केस ना घामाचं छिद्र. म्हणून हुशार हात काय करतो, आतल्या थरात टाके घालून ताण तिकडं घेतो आणि वरच्या कडा नुसत्या टेकवून ठेवतो. एवढं आम्हीही करत होतो.

मुका धागा त्याच्या पुढं गेला. कडांवरचा ताण ओळखून तो अंगातल्या अंगात स्वतः आखडायचा किंवा सैल व्हायचा, आणि विरघळता विरघळता असं औषध सोडायचा, की पेशींना ओढ कळणंच बंद. ओढ नाही म्हटल्यावर त्यांना घाई कशाची? निवांतपणे पहिल्यासारखी कातडी विणायच्या, लवेसकट, छिद्रांसकट. तीन महिन्यांनी भिंग लावून बघितलं तरी कुठं कापलं होतं ते सापडायचं नाही. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. मिरजेत सगळे त्याला मुका धागाच म्हणायला लागले, कारण तो घातला की कातडी काही बोलत नाही.

सुरुवातीला काय आनंद झाला लोकांना! जळालेल्या पोरी, अपघातातली पोरं, सिझेरियनच्या बायका, सगळे रांगेत. पण माणसाची जात बघा. पूर्वी सुनेच्या पोटावर वण दिसला की कुजबुज व्हायची. आता वण नाही म्हणून कुजबुज! पूर्वी ज्यांच्या पोटावर काही नव्हतं त्या तरी सुटायच्या. आता सगळ्याच पोरी संशयात. "कोरं आहे की केलंय?" असं लोक उघड विचारायला लागले. मग स्थळाबरोबर स्कॅन मागायची टूम निघाली, आणि सरकारनं कायदा केला की लग्नासाठी कुणाच्याही शरीराचा स्कॅन मागायचा नाही. मागणाऱ्याला तुरुंग आणि काढून देणाऱ्याला पण तुरुंग.

यंत्राला कायदा लागला. बोटाला कोण लावणार?

कारण एक गोष्ट मला माहीत होती. कातडीखाली चरबी असते आणि चरबीखाली पांढरा, चिवट पडदा. सगळं पोट तो धरून ठेवतो. तिथं मुका धागा चालत नाही. तिथं वण लागतोच, वणामुळंच त्या पडद्याला जोर येतो, नाहीतर हर्निया व्हायचा. म्हणून पडदा अजूनही जुन्या नायलॉननं शिवतात, आणि ते नायलॉन जन्मभर आत राहतं. बारीक अंगाच्या बाईच्या बेंबीखाली बोटं फिरवली, की ती कड लागते. डॉक्टर लोकांना सवय नाही, त्यांना यंत्रं लागतात. मला लागते.

आणि बेंबीखाली हात घालायचं निमित्त? साडी! मी साडी छान नेसवते, हे आख्ख्या मिरजेला माहीत. निऱ्या करून खोचायच्या म्हटलं की चार बोटं नेमकी तिथंच जातात. निवृत्त झाल्यावर चार वर्षांत नऊ घरांनी मला होणाऱ्या सुनेला साडी नेसवायला बोलावलं. मी नेसवायची, बाहेर येऊन चहा घ्यायची आणि सासूकडं बघून मान हलवायची, 'आहे' किंवा 'नाही'.

आठ वेळा 'नाही' होतं. नववी पोरगी जयसिंगपूरची, ऋतुजा नाव. तिच्या पोटात कड होती, बेंबीपाशी सुरू होऊन वर बरगडीकडं जाणारी. मी मान हलवली. लग्न मोडलं. पुढं कळलं की पोरीनं बापाला यकृताचा तुकडा दिला होता आणि लोक 'अर्धी पोरगी' म्हणतील म्हणून घरच्यांनी लपवलं होतं. मला थोडं टोचलं, नाही म्हणत नाही. पण मी मनाशी म्हटलं, मी काय खोटं बोलले का? होतं ते होतं म्हटलं.

आणि मग माझा जोएल एक दिवस केझियाला घेऊन आला.

जोएल माझा एकुलता एक. सांगलीच्या पूर-अंदाज केंद्रात आहे, दिवसभर कृष्णेचं पाणी मोजतो. केझिया आवळे इचलकरंजीची, शाळेत गणित शिकवते. सत्तावीस वर्षांची, बारीक, उंच, बोलायला नीट. माझ्यासारख्या बाईला खोट काढायला जागा नाही, म्हणजे बघा. तेवढ्यानंच मला संशय आला.

"सलाम, सिस्टर," ती म्हणाली. आम्हा ख्रिस्ती लोकांत सलामच म्हणतात. पण 'आई' नाही, 'काकू' नाही, 'सिस्टर'! मी नोकरी सोडून चार वर्षं झाली होती.

मी चहा पुढं केला. डाव्या हातानं केला, नेहमीसारखा. तिनं कप घेतला नाही. माझ्या हाताकडं बघत राहिली, आणि मग घेतला तेव्हा बशी वाजली. मी म्हटलं, बाई गं, या पोरीला माझी बोटं माहीत आहेत. माझ्या बोटांची भीती कुणाला वाटणार? ज्याच्याकडं लपवण्यासारखं आहे त्याला!

"कधी आजारी बिजारी होतीस का गं लहानपणी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई!" जोएल म्हणाला.

"विचारलं तर काय झालं?"

"लहानपणी नाही," केझिया म्हणाली. एवढंच. 'लहानपणी' या शब्दावर तिनं जरा जोर दिला असं मला वाटलं, आणि ते मी डोक्यात ठेवलं.

आमच्याकडं लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. पाळकसाहेब वधूवरांची नावं वाचतात आणि विचारतात, कुणाला काही हरकत असेल तर सांगावी. पहिला पुकारा झाला. दुसरा झाला. दुसऱ्या पुकाऱ्यानंतर माझ्या नणंदेनं, मार्थावन्संनी, मला बाहेर चिंचेखाली गाठलं. घरात शब्द त्यांचाच चालतो. माझा नवरा गेल्यापासून तर जास्तच.

"तबिथा, लोकांच्या सुना तपासल्यास. स्वतःची कधी तपासणार?"

"वन्सं, जोएलला कळलं तर..."

"जोएलला कोण सांगतंय? साडी नेसव की. आणि काही असलं तर रविवारी तिसऱ्या पुकाऱ्याला मी उभी राहते. तू राहू नकोस, आई आहेस."

आता खरं सांगते. वन्संनी म्हटलं नसतं तरी मी बघणारच होते. मला झोप नव्हती. माझा पोरगा साधा आहे, पाण्याच्या आकड्यांपलीकडं त्याला काही कळत नाही. त्याला कुणी फसवलं तर? माझं एवढंच एक माणूस आहे या जगात. ते कुणाच्या हातात देतेय हे मला कळायला नको?

शनिवारी दुपारी केझियाला बोलावलं. लग्नाची पांढरी साडी नेसवून बघायची म्हणून. वन्सं बाहेर सोफ्यावर बसल्या, केझियाचे वडील सामुएलगुरुजी त्यांच्यासमोर. जोएल ड्युटीवर. मी आतल्या खोलीचं दार लावलं.

"सिस्टर, तुम्ही साडी नेसवता म्हणजे काय करता ते मला माहीत आहे," केझिया म्हणाली. "इचलकरंजीपर्यंत माहीत आहे."

माझ्या तोंडात पिना होत्या.

"नेसवा," ती म्हणाली, आणि हात बाजूला घेऊन उभी राहिली.

पहिला वेढा घेतला. पदर काढला. निऱ्या केल्या, सात, सारख्या. मग डाव्या हाताची चार बोटं बेंबीखाली आत घातली.

कातडी गुळगुळीत, काही नाही. मी जरा दाबलं. चरबी कमीच होती. आणि खाली पडद्यावर कड लागली. उभी, बेंबीपासून खाली सरळ. आणि, देव मला क्षमा करो, मला आनंद झाला. बघ! मी म्हणत होते! माझी बोटं कधी चुकली नाहीत! मी ती कड खालपर्यंत नेली. सगळे सर्जन वरून सुरुवात करतात आणि खाली येऊन संपवतात. दुपदरी नायलॉन असतं, सुरुवातीला त्याला गाठ लागत नाही, शेवटी एकच लागते. म्हणून गाठ खाली असते.

खाली गाठ नव्हती.

असं होत नाही. मी पुन्हा चाचपलं. नव्हती. मग बोटं वर सरकवली, कडेकडेनं, बेंबीच्या अगदी बुडापर्यंत. तिथं होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, जरा डावीकडं कललेली.

खालून वर शिवत येणारं माणूस मिरजेत एकच होतं. डाव्या हाताला तसंच सोपं जातं म्हणून.

माझा हात तिथंच राहिला. निऱ्या सुटून पायावर पडल्या.

"सापडलं?" केझियानं विचारलं.

माझ्या तोंडातल्या पिना मी काढल्या. "कधी?"

"आठ वर्षं झाली. मी एकोणीसची होते. बाबांनी गाडीत घालून आणलं होतं, कपडे सगळे रक्तानं... मला वाटत होतं मी मरणार, आणि मेले नाही तर सगळ्यांना कळणार. कशाची भीती जास्त वाटत होती ते आजही सांगता येत नाही. तुमचं तोंड मास्कमध्ये होतं. तुम्ही गालावरून हात फिरवलात. डावा. आणि म्हणालात..."

"नको," मी म्हटलं.

"म्हणालात, 'पोरी, मी अशी बंद करीन की तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.' सिस्टर, मी त्या वाक्यावर जगलेय. पुढं वर्षभर घराबाहेर पडायची भीती वाटायची तेव्हा मी ते मनात म्हणायची. जोएलनं तुमचा फोटो दाखवला तेव्हा ओळखलं नाही. तुम्ही चहा दिलात तेव्हा ओळखलं."

मी पलंगावर बसले. मला ती आठवत नव्हती! हेच सगळ्यात वाईट. अकरा हजार पोटं, एकच वाक्य, चेहरा एकाचाही नाही.

"जोएलला माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्याच महिन्यात सांगितलं. सगळं, काय झालं होतं, कशामुळं, सगळं."

"आणि मला?"

"मी म्हटलं होतं सांगूया. तो म्हणाला, आईला सांगून तिचा विश्वास बसत नाही. ती स्वतः बघेल. बघू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या साध्या पोराला मी किती ओळखते ते मला त्या दिवशी कळलं, आणि तो मला किती ओळखतो तेही.

केझिया माझ्यासमोर खाली बसली. साडी सगळी चुरगळली. "आता विचारा," ती म्हणाली. "काय झालं होतं ते तोंडानं विचारा, मी सांगते. तुमचा मुलगा आहे, तुम्हाला हक्क आहे. फक्त पुन्हा बोटानं विचारू नका."

प्रश्न जिभेवर होता. नुसता होता काय, टोचत होता! गर्भ होता? कुणाचा? की नुसती अंडाशयाची पिळवटलेली गाठ? एकोणीस वर्षांची, रक्तानं भिजलेली, उभा छेद, घाईतलं ऑपरेशन. छत्तीस वर्षांच्या अनुभवानं मला चार उत्तरं सुचत होती आणि त्यातली दोन मला नको होती.

आणि त्याच वेळी ऋतुजा आठवली. जयसिंगपूरची. तिच्या पोटातली कड लागल्याबरोबर मी हात काढून घेतला होता. गाठ कुठल्या टोकाला आहे ते बघितलंच नव्हतं. ती तरी माझी कशावरून नव्हती? तिलाही मी गालावरून हात फिरवून ते वाक्य म्हटलं असेल, आणि मग तिच्याच होणाऱ्या सासरी बसून, चहा पीत, मान हलवली असेल.

"ऊठ," मी केझियाला म्हटलं. "साडी पुन्हा नेसवायला पाहिजे. बाहेर माणसं थांबलीत."

निऱ्या पुन्हा केल्या. या वेळी तिच्या हातात दिल्या. तिनंच खोचल्या.

बाहेर आल्यावर वन्सं माझ्या मानेकडं बघत होत्या. मी मान हलवली नाही. "उद्या," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. सामुएलगुरुजींच्या हातातली टोपी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. त्यांना सगळं माहीत होतं आणि मी काय करते तेही माहीत होतं. त्या माणसानं ती रात्र कशी काढली असेल, हे मी उशिरा मनात आणलं. तेव्हाच आणायला हवं होतं.

रविवारी चर्च भरलेलं. मी तिसऱ्या बाकावर, शेजारी वन्सं, पलीकडं जोएल. उजवीकडच्या बाकावर केझिया आणि गुरुजी. प्रार्थना झाली, मंडळीच्या सूचना वाचल्या. मग पाळकसाहेबांनी चष्मा लावला.

"जोएल विल्यम लोंढे, मिरज, आणि केझिया सामुएल आवळे, इचलकरंजी. हा तिसरा आणि शेवटचा पुकारा. यांच्या विवाहास कुणाची काही हरकत असल्यास आताच सांगावी."

दर वेळी पाळकसाहेब एक श्वास थांबतात आणि पुढं वाचतात. त्या दिवशी ते जास्त थांबले. कारण सगळं चर्च मान वळवून माझ्याकडं बघत होतं. शनिवारी तबिथा सिस्टरनं सुनेला साडी नेसवली, ही बातमी रात्रीतच फिरली होती. केझिया समोर बघत होती. तिचे खांदे ताठ होते. जोएल माझ्याकडं बघत नव्हता.

वन्संनी मला कोपरानं ढोसलं. "आहे का?" हळू विचारलं. मग माझं तोंड बघून त्यांनी उठायला बाकाचा हात धरला.

त्यांच्या आधी मी उठले.

"पाळकसाहेब, हरकत नाही," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, थिएटरात निघायचा तसा. "आणि इथं ज्यांच्या घरी मी साडी नेसवायला आलेय त्यांनी ऐका. मी तुम्हाला जे सांगितलं ते मला सांगायचा हक्क नव्हता. मी त्या पोरींना आधीच शब्द दिलेला होता. यापुढं मला बोलावू नका. वन्सं, बसा खाली. पाळकसाहेब, पुढं वाचा."

वन्सं बसल्या. पाळकसाहेबांनी पुढं वाचलं. जोएलनं माझा डावा हात हातात घेतला आणि गीत संपेपर्यंत सोडला नाही.

लग्न होऊन आता पाच महिने झाले. मी अजून विचारलेलं नाही. खोटं कशाला बोलू, रोज प्रश्न जिभेवर येतो. भाजी निवडताना येतो, तिनं पाठ फिरवली की येतो. गिळते. स्वभाव काही मुक्या धाग्यानं शिवता येत नाही. केझिया मला आई म्हणते, आणि कधीकधी मुद्दाम चिडवायला म्हणते, "विचारा की!" मी तिला लाटणं दाखवते.

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी मात्र मी एकटीच जयसिंगपूरला गेले. पत्ता माझ्याकडं होता. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. दार ऋतुजानंच उघडलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडं बघितलं.

"आता कुणाला साडी नेसवायचीय?" तिनं विचारलं.

ठरवलेलं सगळं मी विसरले. दोन्ही हात पाठीमागं घेऊन तिच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आतून तिच्या वडिलांनी विचारलं, "कोण आलंय गं?" तिनं दाराच्या कडीला हात घातला. पण तिनं दार लावलं नाही.